हौदा कोण खणणार?

पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या 57 किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक मिळवले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्ण 2022 मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. ते त्याने पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भरून काढले. मूळची केज तालुक्यातल्या कळमअंबा गावची प्रियांका इंगळे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवून तो संघ जिंकला. खेळ तीन, पण तिन्ही यशांत एक गोष्ट सारखी आहे. यांतले एकही पदक मातीवर मिळालेले नाही. अविनाशची सिंथेटिक धावपट्टीवर मिळाली, बाकीची गादीवर. आणि बीड जिल्ह्यातल्या या तिघांच्याही घडणीचा निर्णायक काळ जिल्ह्याबाहेर गेला: राहुलचा पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली, अविनाशचा सैन्यात, प्रियांकाचा पिंपरी-चिंचवडच्या परिसरात.

यावरून जो निष्कर्ष सहज काढला जातो तो असा, की बीडमध्ये गुणवत्ता आहे, फक्त सुविधा नाहीत. म्हणून गावोगावी गाद्या द्या, तालुक्याला संकुल बांधा, जिल्ह्याला धावपट्टी द्या. या मागणीत तथ्य आहे. पण ती अर्धीच आहे, आणि अर्धी मागणी पूर्ण झाली की काय होते हे मराठवाड्यात पाहायला फार लांब जावे लागत नाही. उद्घाटन होते, कोनशिला बसते, दोन पावसाळे जातात आणि मैदानात काँग्रेस गवत उभे राहते. खेळाचे मैदान ही एकदा बांधून सोडून देण्याची वास्तू नाही. ते रोज करावे लागणारे काम आहे. कुठल्या गावाने माती निवडावी, कुठे गादी आणावी, कोणते बूट घ्यावेत, खांब कसले रोवावेत, या सगळ्या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: हे रोज राखणार कोण, कुठल्या पाण्याने आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत? बीडच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळे येते, आणि म्हणून इथली निवडही वेगळी असायला हवी.

कुस्तीचा हौदा हे याचे सर्वांत चांगले उदाहरण, कारण त्यात खेळ आणि मशागत वेगळे काढताच येत नाहीत. वीस फूट लांब-रुंद हौद्यात एक फूट जाडीचा मऊ थर हवा असेल तर चारशे घनफूट, म्हणजे चार ब्रास माती लागते. ती कोणतीही चालत नाही. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण हौद्याला निरुपयोगी. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की तिची ढेकळे होतात आणि भेगा पडतात. बालाघाटाच्या बाजूला, पाटोदा-आष्टी-शिरूर कासारच्या डोंगरपट्ट्यात, जमीन हलकी आणि मुरमाड. तिचे खडे गुडघे-कोपर सोलून काढतात. म्हणून तांबडी माती बाहेरून आणायची, बारीक चाळणीने चाळायची, खडा आणि काडी वेचून काढायची. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव असे ज्या तालमीची जी रीत असेल ते मिसळायचे. यातले तेल माती बांधून धरते, धूळ बसवते आणि अंगाला लागणारी माती कोरडी खरखरीत राहू देत नाही. हळदीचे जंतुरोधक गुण सर्वांना ठाऊक आहेत. पण जखमेतून होणारा धनुर्वात हळदीने टळत नाही, त्याला लसच लागते, आणि ती प्रत्येक पठ्ठ्याने वेळेवर घेतलेली आहे की नाही हे वस्तादांनी पाहणे हा माझ्या मते हौद्याच्या देखभालीचाच भाग आहे.

एवढे झाले तरी काम संपत नाही, तेव्हा कुठे ते सुरू होते. हौदा रोज खोऱ्याने उकरावा लागतो. दाबलेली माती तशीच राहू दिली तर ती जमिनीइतकी कठीण होते आणि तिच्यावर ढाक किंवा कलाजंग लागून पडलेल्या मल्लाचा खांदा निखळू शकतो. उकरल्यावर फळी ओढून ती सारखी करायची, वर हलका शिडकावा द्यायचा आणि ओल आत मुरेपर्यंत थांबायचे. पाणी जास्त झाले की चिखल, कमी झाले की डोळ्यांत आणि छातीत धूळ. तालमीच्या पद्धतीत हे काम मजुराला दिलेले नसते. जोर-बैठकांबरोबर खोरेही पठ्ठ्याच्याच हातात असते. खांदा, पाठ, मनगट आणि पकड यांना लागणारा व्यायाम त्या उकरण्यातून मिळतो. म्हणजे मातीच्या हौद्याची देखभाल त्याच्या वापरातूनच होते. जोवर चार पोरे रोज लंगोट लावतात तोवर हौदा जिवंत राहतो, आणि ती आली नाहीत तर कुणीही पैसे देऊन तो जिवंत ठेवू शकत नाही. मातीचे हे बलस्थान गादीकडे मुळीच नाही.

गादीचे गणित उलटे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कुस्तीचे वर्तुळ 9 मीटर व्यासाचे आणि भोवतीची सुरक्षित पट्टी धरून गादी 12 बाय 12 मीटरची असते. फोमचे तुकडे शेजारी शेजारी लावून त्यांवर प्लास्टिकचे ताणलेले आवरण घालतात. जाडी पाच-सहा सेंटिमीटर. तिची किंमत काही लाखांत जाते, आणि हा पैसा एकदाच लागतो असे वाटते. प्रत्यक्षात गादीला खालून सपाट, कोरडी फरशी हवी. पावसाळ्यात सिमेंटमधून ओल वर आली तर फोमला बुरशी धरते आणि हे वरून कित्येक महिने दिसत नाही. तिला डोक्यावर छप्पर हवे, पण पत्र्याचे छप्पर असेल आणि वारा खेळता नसेल तर मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्या शेडमध्ये सराव करणे धोक्याचे. उन्हात ठेवली तर आवरण कडक होऊन चिरते. सरावाआधी आणि नंतर जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणाने ती पुसावी लागते, कारण घामाने भिजलेल्या आवरणावरून गजकर्ण आणि त्वचेवरचे इतर संसर्ग एका मल्लाकडून दुसऱ्याकडे जातात. रस्त्यावरून चालत आलेल्या बुटांनी तिच्यावर पाय ठेवायचा नाही. ही सारी कामे बारीक आणि कंटाळवाणी आहेत. त्यातून दंड पीळदार होत नाहीत. म्हणून ती कुणी आपणहून करत नाही, आणि त्यासाठी पगारी माणूस नेमावा लागतो.

इथे माझा मुद्दा येतो. गाव निवडते तेव्हा ते दोन पृष्ठभागांमधून निवड करते असे आपण समजतो. खरे तर ते श्रमाच्या दोन रीतींमधून निवड करत असते. एकीत खेळणाराच राखतो, दुसरीत कुणीतरी पगारावर राखतो. ज्या गावात दुसरीची सोय नाही तिथे गादी देणे म्हणजे तीन वर्षांनी फाटणारी वस्तू देणे आणि ती देताना चालू हौदा बंद पाडणे. कारण गादी आली की माती मागासलेली वाटू लागते, खोरे कोपऱ्यात जाते, आणि गादी संपल्यावर पुन्हा खोरे उचलणारी पिढी उरत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हॉकीच्या इतिहासातून येतो. 1928 पासून 1972 पर्यंत एकाही ऑलिंपिकमधून भारतीय हॉकी संघ पदकाविना परतला नव्हता. 1976 मध्ये मॉन्ट्रियलला प्रथमच कृत्रिम गवतावर हॉकी खेळली गेली आणि भारत सातवा आला. घसरणीची इतरही कारणे होती, पण पृष्ठभाग बदलला आणि आपण जुन्यावरच राहिलो ही त्यांतली मोठी. कुस्तीतही हेच दिसते. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता, नियमही नवे होते, आणि ते सहावे आले. चार वर्षे त्या दृष्टीने तयारी केल्यावर 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आले. मातीवर कुस्ती निकाली होते, चीतपट होईपर्यंत चालते, दम आणि पकड यांची परीक्षा घेते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण घ्यायचे असतात, पट काढण्याचा वेग लागतो. मातीत रमलेला मल्ल गादीवर उशिरा पोहोचला तर त्याच्या सवयीच त्याला अडवतात. तेव्हा माती पुरे, गादी नको असे म्हणणे हा पोरांवर अन्याय आहे, आणि ते मी म्हणत नाही.

मला दिसते ते उत्तर असे: गावात हौदा, तालुक्याला गादी, आणि दोहोंमध्ये ठरलेल्या दिवसांची ये-जा. जिल्ह्याचे तालुके अकरा. अकरा ठिकाणी चांगल्या फरशीवर, हवेशीर शेडमध्ये, एका नेमलेल्या देखभालदारासह गादी असणे हे दीडशे गावांत दीडशे बेवारस गाद्या असण्यापेक्षा मल्लाच्या कामाचे आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराला रोज गादी लागत नाही. त्याला मातीत पडायला, सावरायला आणि दम धरायला शिकायचे असते. चौदा-पंधराव्या वर्षापासून आठवड्यातून दोन-तीनदा गादी मिळाली तर त्याला दोन्ही अंगवळणी पडतात. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग आजही आहेत आणि दोन्हीचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात, म्हणजे ही दुहेरी वाट कुस्तीच्या व्यवस्थेला मान्यच आहे. बीड-नगरकडच्या यात्रांमधले कुस्त्यांचे हगामे मातीवरच होतात. तिथल्या इनामावर गरीब घरच्या पठ्ठ्याचा खुराक चालतो, हेही विसरून चालणार नाही.

माती म्हणजे मागासलेपण, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर पॅरिसमध्ये आहे. फ्रेंच ओपनची टेनिस कोर्टे तांबडी दिसतात ती वरच्या विटेच्या भुकटीमुळे. तो थर फक्त एक-दोन मिलिमीटरचा, खाली चुनखडीचा, त्याखाली कोळशाच्या राखेच्या खड्यांचा आणि तळाशी दगडगोट्यांचा. तिथे पैशाची किंवा तंत्राची वाण आहे म्हणून माती ठेवलेली नाही. ती राखणारे पथक आहे म्हणून ती टिकली आहे. खेळ थांबला की ती झाडली जाते, जाळी फिरवून सारखी केली जाते आणि तिच्यावर पाणी मारले जाते. मातीच्या पृष्ठभागाचा दर्जा तिच्यावर झालेल्या कामाने ठरतो हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा आक्षेप बीडचाच आहे आणि तो भावनेचाही आहे. जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो तिथे मैदानावर पाणी मारायचे कसे? या प्रश्नाला आकड्यांनी सामोरे जावे. पुरुषांचे कबड्डीचे मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे 130 चौरस मीटर. धूळ बसवायला दोन मिलिमीटरचा शिडकावा धरला तर 260 लिटर लागतात. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये हे मैदान 38 वेळा भिजेल. खो-खोचे 27 बाय 16 मीटरचे मैदान घेतले तर 864 लिटर. वीस फुटी हौद्याला तेवढ्याच शिडकाव्यासाठी 75 लिटरही पुरतात. शाळेत पोषण आहाराचे तांदूळ-भाजी धुतलेले आणि पोरांनी हात धुतलेले पाणी एका टाकीत साठवले तर कबड्डीच्या मैदानाची बरीचशी गरज भागते. हौद्याला मात्र स्वच्छच पाणी हवे, कारण तिथे अंग, डोळे आणि जखमा थेट मातीला लागतात. टंचाईच्या महिन्यांत पिण्याचे पाणी पहिले, यात दुमत नाही. पण टंचाई हे वर्षभर मैदान न राखण्याचे कारण होऊ शकत नाही.

पाण्यापेक्षा कठीण प्रश्न हातांचा आहे, आणि त्याची चर्चा मला कुठेच दिसत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधली लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की, उन्हाळा लागता लागता, परततात. घरची कर्ती माणसे आणि अनेकदा हाताशी आलेली पोरेही या काळात गावात नसतात. काही मुले हंगामी वसतिगृहात, काही आजी-आजोबांकडे राहतात. वस्तादांचा हौदा याच महिन्यांत ओस पडतो. वर्षभर सारखी देखभाल गृहीत धरणारी कोणतीही योजना इथे हिवाळ्यात कोसळणारच. म्हणून मैदानाचे मोठे काम चैत्र ते ज्येष्ठ या काळात, माणसे गावात असताना करावे: हौद्याची माती बदलणे, चाळणे, मैदानाची वरची काळी माती काढणे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे तिच्यावर थेट आखलेले मैदान एका पावसाळ्यात वाकडेतिकडे होते. एक-दीड फूट काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलरने दाबावा, मधून कडेला किंचित उतार द्यावा आणि वर चाळलेल्या मातीचा थर टाकावा. कबड्डीच्या जुन्या नियमांत माती, खत आणि लाकडाचा भुसा यांच्या मऊ मैदानाची शिफारस होती. भुसा सुतारांकडे आणि आरागिरणीत मिळतो, शेणखत घरचे. मुरूम बालाघाटात मुबलक आहे. यातले काहीही नागपूर-मुंबईहून आणावे लागत नाही.

पैशाचे काय? क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या सरकारी योजना आहेत, तालुका क्रीडा संकुलांची योजनाही जुनी आहे. त्यांचा भर बांधकाम आणि साहित्य खरेदीवर राहिला. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मात्र अनुज्ञेय कामांत खेळाच्या मैदानांना जागा दिली होती, आणि योजनेतून उभ्या केलेल्या सार्वजनिक मालमत्तांच्या देखभालीलाही. ज्या जिल्ह्यातून मजूर कामासाठी बाहेर जातो त्या जिल्ह्यात मैदान खणणे आणि राखणे हेच मजुरीचे काम व्हावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. रोजगार हमीचे पुढचे रूप काहीही असो, तिच्यातले हे कलम टिकले आणि वापरले गेले पाहिजे. आणि नव्या संकुलाच्या प्रत्येक मंजुरीसोबत देखभालदाराच्या पगाराची तरतूद दिसत नसेल तर ग्रामसभेने आणि पत्रकारांनी त्याविषयी विचारलेच पाहिजे.

साहित्याच्या निवडीतही हाच नियम लावावा. सर्वांत मोठी चूक म्हणजे एकच गादी सगळ्या खेळांना वापरणे. कबड्डीच्या चौकोनी, एकमेकांत अडकणाऱ्या पातळ फोमच्या तुकड्यांवर कुस्ती लावली की सांध्यांत बोटे अडकतात आणि आपटण्याला पुरेशी जाडी मिळत नाही. कुस्तीच्या मऊ गादीवर कबड्डीचा चढाईपटू पाय रोवू शकत नाही. सरावासाठी आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का असलेली महाग गादीच हवी असे नाही. पण फोम गुडघ्याने दाबून तो जमिनीला टेकतो का, सोडल्यावर लगेच वर येतो का, आवरणाची शिवण कुठे आहे, आणि आवरण फाटले तर तेवढेच बदलून मिळते का, एवढे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गादीवरच्या कुस्तीला बूट लागतातच, टाच आणि लोखंडी भाग नसलेले. पण गरीब पोराने तालमीत बुटांसाठी अडू नये म्हणून तालुक्याच्या केंद्रात निरनिराळ्या मापांचे जोड ठेवावेत आणि ते वापरानंतर वाळवावेत. मातीवर तेवढाही खर्च नाही. लंगोट मात्र रोज धुऊन उन्हात वाळवलेला हवा. ओला लंगोट दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवणे हे जांघेतल्या गजकर्णाचे नेहमीचे कारण आहे, आणि पोरे लाजेने ते सांगत नाहीत.

राहिला मुलींचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तो शेवटी येत असला तरी निधीच्या यादीत पहिला यायला हवा. गावच्या तालमीचा हौदा बहुतेक ठिकाणी मुलींना उघडा नाही. त्यांच्या वाट्याला येते ते फक्त शाळेचे मैदान, आणि त्यावर सर्वांत कमी खर्चात उभा राहणारा खेळ खो-खो. त्याला नऊ-दहा सेंटिमीटर जाडीचे, जमिनीवर 120 ते 125 सेंटिमीटर उंच राहणारे, तासून गुळगुळीत केलेले दोन लाकडी खांब, चुन्याची फक्की आणि सोलपटणार नाही असे मैदान पुरते. खांबाला धरून वळताना आणि सूर मारताना सारा भार त्याच्यावर येतो. तो हलत असेल तर बोटे आणि खांदे दुखावतात. म्हणून खांब नुसता खड्ड्यात उभा करून माती लोटू नये. तळाला दगड, भोवती मुरूम थराथराने ठोकून बसवावा, जमिनीखालच्या भागाला वाळवीसाठी डांबर लावावे, आणि दर पावसाळ्यानंतर, शालेय स्पर्धांच्या आधी, मुलींना मैदानात उतरवण्यापूर्वी शिक्षकांनी तो स्वतः हलवून पाहावा. खांबांभोवतीची माती सर्वांत आधी झिजते आणि तिथे खळगा पडतो. तो भरायला दोन घमेली चाळलेली माती आणि अर्धी बादली पाणी लागते.